जॉकी हॉलोचा हिवाळा (१७७९-८०): उपाशी फौज शिस्तीत राहिली कशी?

ओसरी:

नमस्कार मंडळी,

न्यू जर्सीत राहायला येऊन मला अकरा वर्षं झाली. घरापासून वीस मिनिटांवर मॉरिसटाऊन आहे आणि तिथून पुढे पाचेक मैलांवर जॉकी हॉलो नावाचं रान. गेल्या जानेवारीत मोठा बर्फ पडून गेल्यावर मी तिथे गेलो होतो. टेकडीच्या उतारावर ओंडक्यांच्या पाच खोपटी उभ्या आहेत. जुन्या खोपटांच्या नमुन्यावर अलीकडे बांधलेल्या. आत शिरलो. वारा थांबला, थंडी तेवढीच राहिली. १४ फूट बाय १६ फूट जागा, भिंतींना लावलेल्या फळ्यांचे माचे, एका टोकाला चूल. एवढ्यात बारा माणसं राहायची. तेव्हापासून हा विषय डोक्यातून जात नाही, म्हणून हा धागा.

अमेरिकन स्वातंत्र्ययुद्ध म्हटलं की थंडीच्या गोष्टीत सगळे व्हॅली फोर्ज या पेनसिल्व्हेनियातल्या फौजेच्या मुक्कामाचं नाव घेतात. तो १७७७-७८ चा हिवाळा. पण थंडीच्या हिशोबाने त्याहून कितीतरी भयंकर होता दोन वर्षांनंतरचा मॉरिसटाऊनचा हिवाळा. त्या मोसमात २८ वेळा बर्फ पडला. न्यूयॉर्कचं बंदर इतकं गोठलं की ब्रिटिशांनी मॅनहटनहून स्टेटन आयलंडला तोफा बर्फावरून ओढत नेल्या. समुद्रावरून तोफा!

अमेरिकन फौजेचा सेनापती जॉर्ज वॉशिंग्टन १ डिसेंबर १७७९ ला वादळातच मॉरिसटाऊनला पोचला. मागून महिनाभर एकेक ब्रिगेड येत राहिली. एकूण दहा हजारांच्या वर माणूस. जागा निवडण्यामागे विचार होता: न्यूयॉर्कमधले ब्रिटिश सुमारे ३० मैलांवर आणि मध्ये टेकड्यांची रांग, म्हणजे शत्रूवर नजर राहते आणि अचानक छापाही पडत नाही. आल्या आल्या लोकांनी तंबू ठोकले आणि कुऱ्हाडी हातात घेतल्या. हजाराच्या वर खोपटी उभ्या राहिल्या. आधी शिपायांच्या, मग अधिकाऱ्यांच्या. हुकूम असा की सगळ्या खोपटी एका मापाच्या आणि एका ओळीत हव्यात. जी मापात नसेल किंवा ओळीबाहेर असेल ती पाडून पुन्हा बांधायची. गुडघाभर बर्फात, अंगावर धड कोट नाही, आणि खोपट चार बोटं सरकलं म्हणून पाडायचं! वाचताना मला हे क्रूर वाटलं होतं. आता तसं वाटत नाही. का ते पुढे सांगतो.

२ जानेवारी १७८० ला बर्फाचं वादळ सुरू झालं, ते तीन दिवस चाललं. फौजेतले एक शल्यवैद्य, डॉ. जेम्स थॅचर, रोजनिशी ठेवत असत. काही अधिकाऱ्यांचे तंबू वाऱ्याने कोसळले आणि माणसं मेंढरांसारखी बर्फाखाली गाडली गेली, असं त्यांनी लिहिलंय. चार ते सहा फूट बर्फ साचला. रस्ते बुजले, गाड्या बंद, म्हणजे रसद बंद. जोसेफ प्लंब मार्टिन हा कनेक्टिकटचा साधा शिपाई. म्हातारपणी त्याने आठवणी लिहिल्या. चार दिवस, चार रात्री त्याच्या तोंडात बर्च झाडाच्या सालीखेरीज जवळजवळ काही गेलं नाही. काहींनी जुने जोडे भाजून खाल्ले. वॉशिंग्टनने स्वतः लिहिलंय की शिपायांनी गवत सोडून घोड्याचं सगळं खाद्य खाल्लं.

आता मुद्दा. अशी दहा हजार हत्यारबंद माणसं, आणि आजूबाजूला शेतकऱ्यांची भरलेली कोठारं. न्यू जर्सी काही ओसाड मुलूख नव्हता. धान्य होतं, गुरं होती. पण सरकारी कागदी डॉलरची किंमत इतकी पडली होती की शेतकरी त्यावर दाणा द्यायला तयार नव्हता. मार्च १७८० मध्ये खुद्द काँग्रेसनेच (बंड करणाऱ्या अमेरिकन वसाहतींची मध्यवर्ती सभा) चाळीस कागदी डॉलर म्हणजे एक चांदीचा डॉलर असा भाव ठरवला. तेव्हा लूट सुरू झाली, आणि ती होणारच होती. रात्री शिपाई बाहेर पडत, कोंबड्या, डुकरं, पीठ उचलून आणत.

लष्करी कायद्यात यावर उत्तर होतं: फटके. १७७५ मध्ये ३९ फटक्यांची मर्यादा होती, १७७६ मध्ये ती १०० वर गेली. गाठी मारलेल्या दोऱ्यांचा चाबूक, झाडाला बांधलेला माणूस, आणि फटके मारायचं काम ढोलवाल्यांकडे. कधी कधी शिक्षा हप्त्याहप्त्याने द्यायचे, म्हणजे आदल्या दिवशीच्या सुजलेल्या जखमांवर पुन्हा फटके. दातांत शिशाची गोळी चावत शिपाई ते सोसायचे आणि तोंडातून आवाज काढायचे नाहीत, असं थॅचर लिहितात.

पण त्या जानेवारीत वॉशिंग्टनने ओळखलं की उपाशी माणसाला चोरीबद्दल फटके मारून काही होणार नाही. ८ जानेवारीला त्याने न्यू जर्सीच्या परगण्यांतल्या न्यायाधीशांना पत्र पाठवलं. फौज उपाशी आहे, माणसांनी फार सोसलंय, आता ते लोकांची घरं लुटू लागलेत, आणि हे थांबवायची ताकद माझ्याकडे राहिलेली नाही, अशा अर्थाचं. सोबत प्रत्येक परगण्याच्या वाट्याला किती गुरं, किती धान्य, याचा आकडा. पत्र घेऊन एकेक अधिकारी आणि तुकडी बर्फातून निघाली. अधिकाऱ्यांना सूचना होती की आधी न्यायाधीशांना भेटा, त्यांना ठरवून जमवू द्या, नाहीच जमलं तर जबरदस्तीने घ्या, पण घरात दुभती जनावरं आणि खायपुरतं राहील हे बघा, आणि घेतल्याची पावती द्या.

लोकांनी दिलं. बऱ्याच ठिकाणी मागितल्यापेक्षा जास्त दिलं.

फौजेची शिस्त त्या हिवाळ्यात टिकली ती या पत्रामुळे, चाबकामुळे नाही, असं माझं ठाम मत झालंय. खोपटी एका ओळीत बांधायचा हुकूमही मी त्याच रांगेत ठेवतो. ओळीत खोपटी म्हणजे चर आणि शौचाचे खड्डे ठरलेल्या जागी, धूर ठरलेल्या दिशेला, आणि कोण आजारी आहे ते एका फेरीत कळतं. व्हॅली फोर्जला सुमारे दोन हजार माणसं मेली, त्यातली बहुतेक रोगांनी. मॉरिसटाऊनला थंडी जास्त, भूकही तेवढीच, आणि मृत्यू शंभरच्या आसपास!

इथल्या जाणकारांनी भर घालावी, चुकलं असेल तर सांगावं.

कृष्णाकाठ:

फार सुंदर लिहिलंय. शौचाच्या खड्ड्यांचा मुद्दा माझ्या कधी डोक्यातच आला नव्हता.

जुनी_बखर:

ओसरी, लेख आवडला. थोडी आपल्याकडची बाजू.

युरोपात आणि अमेरिकेत हिवाळा म्हणजे लढाई बंद, फौजा मुक्कामाला. आपल्याकडे उलटं. मराठी फौजेची छावणी पावसाळ्यात. नद्या भरलेल्या, घाट निसरडे, वैरण ओली, तेव्हा माणूस घरी शेतावर. दसऱ्याला सीमोल्लंघन झालं की मोहीम सुरू. म्हणजे त्यांचा मुक्कामाचा काळ तो आपला चालीचा काळ. त्यामुळे हिवाळी मोहिमेची शिस्त हा विषय आपल्याकडे थंडीपेक्षा दाणागोट्याचा जास्त आहे.

आणि एक योगायोग बघा. वॉशिंग्टनची माणसं साल चघळत होती त्याच्या बरोबर एक वर्ष आधी, जानेवारी १७७९ मध्ये, त्याच इंग्रजांची मुंबईची फौज बोरघाट चढून पुण्याकडे येत होती. सुमारे ३,९०० माणूस आणि १९,००० बैल. बैलांमुळे दिवसाला मैल दोन मैल चाल. मराठ्यांनी समोरासमोर मोठी लढाई दिलीच नाही. पुढचा मुलूख मोकळा केला, वैरण जाळली, तळेगाव पेटवून दिलं. इंग्रज ९ जानेवारीला तळेगावला पोचले, ११ च्या रात्री जड तोफा तळ्यात टाकून मागे फिरले, आणि वडगावला कोंडले गेले. शेवटी तह करावा लागला. महादजी शिंद्यांनी पोटावर लढाई केली. मॉरिसटाऊनला तेच काम बर्फाने आणि कागदी डॉलरने केलं.

सुभेदार_निवृत्त:

मी मराठा पलटणीत २४ वर्षं काढली, त्यातले दोन हिवाळे लडाखात. ओसरीभाऊ, खोपट पाडून पुन्हा बांधायला लावलं हे वाचून बाकीच्यांना राग येईल, मला नाही आला.

थंडीत माणूस पहिल्यांदा काय सोडतो माहीत आहे? पायमोजे बदलणं सोडतो. मग दाढी सोडतो. मग जेवण गरम करायचा कंटाळा करतो. मग एके दिवशी बोट काळं पडतं आणि तो कुणाला सांगत नाही. आमच्याकडे संध्याकाळी जोडीदाराने जोडीदाराचे पाय बघायचे असा नियम होता. कितीही थकला असलास तरी बूट काढायचेच. पोरं वैतागायची. पण ज्या वर्षी हा नियम कडक होता त्या वर्षी आमच्या कंपनीत एकाचंही बोट गेलं नाही. ही शिस्त म्हणजे मायाच असते, पण तेव्हा ती कळत नाही.

भुकेबद्दल मात्र मी बोलणार नाही. आम्हाला कधी उपाशी ठेवलं नाही.

ओसरी:

सुभेदारसाहेब, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. तुम्ही म्हणालात त्यावरून आठवलं. प्रशियाहून आलेल्या फॉन श्टॉयबेनने व्हॅली फोर्जला कवायत शिकवली हे सगळ्यांना माहीत असतं. पण १७७९ मध्ये त्याने फौजेसाठी जी नियमावली केली, तिच्यात कंपनीच्या कप्तानासाठी लिहिलंय की त्याचं पहिलं काम माणसांचं प्रेम मिळवणं, त्यांना माणुसकीने वागवणं, प्रत्येकाचं नाव आणि स्वभाव माहीत असणं. तो कवायतीच्या मैदानावर जर्मन आणि फ्रेंचमध्ये शिव्या घालायचा, पण कागदावर हे लिहून गेला.

जुनी_बखर, वडगावचा दाखला चपखल. तारखांसकट दिल्याबद्दल आभार.

वैद्यकन्या:

मृत्यूंच्या आकड्यात एक गोष्ट राहिली, ती म्हणजे देवी. १७७७ च्या सुरुवातीला, याच मॉरिसटाऊनच्या पहिल्या मुक्कामात, वॉशिंग्टनने सगळ्या फौजेला देवी टोचून घ्यायचा हुकूम दिला. ही जेन्नरची लस नव्हे, ती पुढे १७९६ ची. ही जुनी पद्धत: देवीच्या रोग्याच्या फोडातला पू निरोगी माणसाच्या कातडीत थोडासा घालायचा. त्याला सौम्य देवी येतात, दोनतीन आठवडे तो कामातून जातो, पण वाचला की आयुष्यभर सुटला.

सेनापतीच्या नजरेने बघा. शत्रू ३० मैलांवर असताना आपलीच माणसं मुद्दाम आजारी पाडायची, तीही पाळीपाळीने आणि गुपचूप, शत्रूला सुगावा न लागता. केवढी जोखीम! हिवाळ्यात लढाई थंड असते म्हणूनच हे करता आलं. मला तर त्या सबंध युद्धातला हा सगळ्यात धाडसी हुकूम वाटतो.

तोफखाना:

धागा चांगला आहे पण मला ओसरींचं मत एकतर्फी वाटतं. हिवाळ्यात फौज नुसती बसून नव्हती, आणि चाबूकही थांबला नव्हता.

पहिलं, चाल. १४-१५ जानेवारी १७८० च्या रात्री अमेरिकन जनरल लॉर्ड स्टर्लिंग सुमारे अडीच हजार माणसं सुमारे ५०० स्लेजमध्ये घालून एलिझाबेथटाऊनकडून गोठलेल्या पाण्यावरून स्टेटन आयलंडवर गेला. ब्रिटिशांना आधीच खबर लागली होती, ते गढीत दडून बसले. हे लोक दिवसभर बर्फात उभे राहून परत आले. हाती आले थोडे कैदी आणि काही माल. थंडीने बाधलेली माणसं सुमारे ५००. आणि या फौजेच्या मागोमाग जर्सीचे साधे नागरिक स्टेटन आयलंडवर घुसले आणि त्यांनी तिथली घरं धुऊन नेली. स्टर्लिंगने तो माल परत मागवला, एलिझाबेथटाऊनच्या पाद्रीकडे जमा करायला लावला आणि मालकांना परत पाठवायची व्यवस्था केली. म्हणजे लूट फक्त भुकेने होते असं नाही, भरल्या पोटीही होते.

दहा दिवसांनी ब्रिटिश त्याच बर्फावरून आले आणि एलिझाबेथटाऊनचं प्रार्थनाघर आणि कचेरी जाळून गेले. बर्फ दोघांचाही रस्ता होता.

दुसरं, शिक्षा. मे १७८० मध्ये मॉरिसटाऊनला अकरा जणांना मृत्युदंड झाला. खड्डे खणलेले, शवपेट्या समोर ठेवलेल्या. दहा जणांना शेवटच्या क्षणी माफी मिळाली. अकरावा, जेम्स कोलमन, लटकला. त्याने फौजेतून सुटकेचे खोटे दाखले बनवून शिपायांना पळायला मदत केली होती. फटक्यांची मर्यादा १०० वरून ५०० करा अशी मागणी पुढे वॉशिंग्टननेच केली होती, काँग्रेसने ती मानली नाही. हा माणूस चाबकाच्या विरुद्ध होता असं चित्र उभं राहू नये.

ओसरी:

तोफखाना, मान्य. तो चाबकाच्या विरुद्ध नव्हता, हे मी मूळ लेखात लिहायला हवं होतं. माझं म्हणणं एवढंच की चाबूक कुठे चालतो आणि कुठे संपतो हे त्याला त्या जानेवारीत दिसलं.

आणि ते पुन्हा दिसलं २५ मे ला. कनेक्टिकटच्या दोन रेजिमेंटी संध्याकाळी ढोल वाजवत हत्यारं घेऊन उभ्या राहिल्या. पाच महिने पगार नाही, कित्येक दिवस मांस नाही. एका कर्नलला झटापटीत संगीन लागली. पेनसिल्व्हेनियाच्या पलटणींना त्यांना घेरायला आणलं. मार्टिन तिथे होता. तो सांगतो की पेनसिल्व्हेनियावाल्यांना कशासाठी आणलंय ते कळल्यावर तेही म्हणायला लागले, आपणही यांना सामील होऊ. अधिकाऱ्यांनी त्यांना घाईघाईने परत खोपटीत पाठवलं. तेव्हा चाबूक उचलायला हातच उरला नव्हता. दुसऱ्या दिवशी त्या अकरा जणांच्या मृत्युदंडाची वेळ आली.

कृष्णाकाठ:

पण मग १ जानेवारी १७८१ चं काय? त्याच जॉकी हॉलोमध्ये पेनसिल्व्हेनियाच्या फौजेने बंड केलं ना? पत्राने शिस्त टिकली असती तर वर्षभरात हे झालं नसतं.

ओसरी:

अगदी बरोबर प्रश्न. पत्राने एक हिवाळा निभावला. पगार, कपडे आणि भरतीचा करार हे प्रश्न तसेच राहिले. करारात शब्द होते "तीन वर्षं किंवा युद्ध संपेपर्यंत". शिपाई म्हणत, तीन वर्षं झाली, आम्ही सुटलो. सरकार म्हणे, युद्ध चालू आहे. अनेकांना भरतीच्या वेळी वीस डॉलर मिळाले होते, तर त्यांच्याच डोळ्यांदेखत नव्या रंगरुटांना कितीतरी जास्त रक्कम मिळत होती.

नववर्षाच्या रात्री सुमारे दीड हजार माणसं तोफांसह निघाली. झटापटीत एक कप्तान मेला. त्यांचा जनरल वेन आडवा आला, त्याचं ऐकलं नाही. पण पुढचं बघा. सार्जंटांची समिती नेमून, रांगा धरून, ते प्रिन्स्टनला गेले. ब्रिटिश सेनापती क्लिंटनने हेर पाठवून आमिष दाखवलं: आमच्याकडे या, थकलेला पगार देतो. बंडखोरांनी ते दोन्ही हेर पकडून दिले. त्यांना फाशी झाली. बक्षीस म्हणून सोन्याची नाणी देऊ केली, ती त्यांनी नाकारली. शेवटी तडजोड झाली, बाराशेच्या वर माणसं सुटली, आणि त्यातले बरेचजण पुन्हा भरती झाले.

अधिकारी एकही नाही, आणि फौज रांगेत चालते, शत्रूची लाच परत करते. त्या आदल्या हिवाळ्यात त्यांच्यात काहीतरी रुजलं होतं असं मला वाटतं.

सुभेदार_निवृत्त:

सार्जंटांची समिती. फौज खरी कोण चालवतं ते तिथे दिसलं. आमच्याकडेही हवालदार चांगला असेल तर कंपनी आपोआप चालते.

पण मला दुसऱ्या बंडाबद्दल विचारायचंय. न्यू जर्सीवाल्यांना गोळ्या घातल्या ना?

तोफखाना:

हो सुभेदारसाहेब. तेच सांगणार होतो.

पेनसिल्व्हेनियावाल्यांना मिळालं ते बघून २० जानेवारी १७८१ ला न्यू जर्सीच्या शिपायांनी पाँप्टनला बंड केलं. यावेळी वॉशिंग्टन तडजोडीला तयार नव्हता. त्याने वेस्ट पॉइंटहून जनरल रॉबर्ट हाऊच्या हाताखाली सुमारे पाचशे माणसं पाठवली. मोठा बर्फ, डोंगरी रस्ता, दिवसामागून दिवस चाल. डॉ. थॅचर या तुकडीबरोबर होते. त्यांच्या लिहिण्यातली मोठी चिंता बंडखोरांची नाही, आपल्याच माणसांची आहे. यांनाही पगार नव्हता, यांचेही कपडे फाटके होते. हे हुकूम मानतील का?

२७ जानेवारीच्या पहाटे त्यांनी खोपटींना वेढा घातला. बंडखोरांना हत्यारांशिवाय बाहेर येऊन रांगेत उभं राहायला पाच मिनिटं दिली. ते आले. तिघा म्होरक्यांना बर्फातच उभ्या उभ्या शिक्षा सुनावली, त्यातल्या एकाला माफ केलं. गोळ्या घालायला बारा माणसं निवडली, तीही बंडात पुढे असलेल्यांतूनच. सहा एकासाठी, सहा दुसऱ्यासाठी.

बंदुका भरा असा हुकूम झाला तेव्हा त्या बारांपैकी काहीजण रडायला लागले. तरी त्यांनी बंदुका भरल्या.

सुभेदार_निवृत्त:

वाचलं. आज यावर अजून काही लिहवत नाही. ओसरीभाऊ, पुढच्या वेळी त्या खोपटीत गेलात तर माझ्यातर्फे दोन मिनिटं उभे राहा.

ओसरी:

नक्की, साहेब. पुढच्या शनिवारी बर्फ सांगितलाय. जाऊन येतो.